शोकेसमधला खडा

आमच्या बैठकीच्या खोलीत काचेचं शोकेस आहे. त्यात शिंपल्यांचा गणपती आहे, ह्यांना सरपंच असताना मिळालेली पितळी ढाल आहे, आणि ढालीशेजारी परवा-परवापर्यंत होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक छोटी बाटली होती. बाटलीत हरभऱ्याएवढा खडा. घरी आलेल्या प्रत्येकानं ती बाटली उजेडात धरून बघितली आणि "अगं बाई, केवढा हा!" म्हणून तोंडाला पदर नाहीतर उपरणं लावलं. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली, त्याचं गावानं कधी एवढं कौतुक केलं नाही, जेवढं माझ्या नवऱ्याच्या मूतखड्याचं केलं.

खडा आमच्या वावरातला. ह्यांना मूतखडा झालाच नव्हता. ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. पण तो शब्द ह्यांच्या मिशीखालून बाहेर पडणार कसा? कॅन्सर एकवेळ पडला असता, घशाचा, पोटाचा, कशाचाही. पण त्या जागेचा? राम राम राम.

ह्या गड्यांची लाज मला कधीच कळली नाही. परंड्याच्या स्टँडची भिंत बघा, एक वीत कोरडी सापडायची नाही. बाभळ असो, बांध असो, कुणाच्या घराची मागची बाजू असो, कुठंही उभं राहायला ह्यांना लाज नाही. मात्र तिथं दुखतंय, धार नीट येत नाही, एवढं सांगायचं म्हणलं की लगेच मान खाली. आमचे हे तर बार्शीला जाताना जीप सारखी थांबवायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, "आज पाणी लई झालं बघ." पाणी कसलं! मी दिलेला तांब्या तसाच भरलेला असायचा. रात्रीचं सारखं उठणं, न्हाणीत उभं राहून कुथणं, सगळं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. विचारलं की म्हणायचे, "तुला काय करायचंय?"

शेवटी मीच हाताला धरून डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं, मग सोलापूरला सुई घालून तुकडा काढला, आणि तिथून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. लेक पुण्यातच असते, त्यामुळं राहायची सोय होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी ह्यांना समजावून सांगितलं. रोग गाठीच्या आतच आहे, बाहेर पसरलेला नाही. ह्यांच्या छातीत आधीच स्प्रिंग बसवलेली, म्हणून मोठी चिरफाड नको. गाठ गोठवून टाकू. हे म्हणाले, "म्हंजी बर्फ लावायचा?" जणू गुडघा मुरगळलाय. डॉक्टर हसले नाहीत, त्यांचे उपकार. त्यांनी कागदावर चित्र काढलं. खालून, बैठकीच्या जागेतून बारीक सुया आत घालायच्या, त्यांतून गॅस सोडायचा, गाठीचा पार बर्फाचा गोळा होऊ द्यायचा. मग तो वितळू द्यायचा आणि परत गोठवायचा. लघवीची नळी गोठू नये म्हणून तिच्यातून तेवढा वेळ कोमट पाणी फिरवत ठेवायचं. मला तर ऐकून नवल वाटलं. माणसाच्या डोक्यातून काय काय निघतं! मी पुढं सरकून प्रश्न विचारत होते, आणि ज्यांच्या अंगात ह्या सुया जाणार होत्या ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

मग डॉक्टर जरा चाचरत म्हणाले, "एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तिथल्या शिरासुद्धा गोठतात. नवरा-बायकोचे संबंध पुढं बहुतेक राहत नाहीत."

ह्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "हिला जरा भाईर पाठवा."

बाहेर! ह्यांचे पायजमे मी धुतलेत, ह्यांना उलटी झाली तर ओंजळ मी धरलीय, आणि आता हिला बाहेर पाठवा! मी खुर्ची आणखी पुढं ओढली आणि म्हणलं, "डॉक्टर, आमची काही हरकत नाही. ते दुकान कधीचंच बंद आहे." डॉक्टरांनी खाली बघितलं. त्या दिवशी हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला निवांत झोप लागली.

उठता उठता डॉक्टरांनी विचारलं, "सख्खा भाऊ आहे का ह्यांना?" मी म्हणलं, आहे, धाकटा, पन्नाशी कधीच ओलांडलीय. "मग त्यांचं रक्त लगेच तपासून घ्या. हा रोग घराण्यात फिरतो. वेळेत सापडला तर त्यांनाही असंच बरं करता येईल. उशीर झाला तर मात्र हातात काही राहत नाही."

ते ऐकल्यापासून माझ्या जिवात जीव नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा दीर दुसरीत होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्याला न्हाऊ घातलं मी, पाढे शिकवले मी, खोटं बोलला तर कान पिळला तोही मीच. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, चार माणसांत मी त्याला भावजी, तुम्ही म्हणते. पण मला तो अजून दप्तर फेकून भाकरी मागणारा दिसतो. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच मी ह्यांना म्हणलं, "आताच्या आता फोन करा."

"म्या सांगतो त्येला. गावाकडं गेल्यावर सांगतो. माझा भाऊ हाय. तू मधी तोंड घालू नको."

गोठवायचं काम नीट पार पडलं. काही दिवस नळी आणि पिशवी घेऊन राहायचं होतं. ती पिशवी ह्यांनी भर उन्हाळ्यात शालीखाली लपवली आणि घामानं निथळत गावात उतरले. जीप वेशीत आली तर धाकट्यानं तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची माळ लावलेली. भाऊ बरा होऊन आला म्हणून! धुरातून पळत आला आणि ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "दादा, काय झालंतं तुला?"

अख्खी गल्ली गोळा झालेली. ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. "काय न्हाय रं. मूतखडा व्हता. काढला."

खोटं किती चपखल बसलं! नळीही त्यात आली, पिशवीही आली, पुण्याला जाणंही आलं. घरात गेल्यावर मी विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाले, "गावाचं गावाला. भावाला येगळं सांगतो." दोन दिवसांनी मी पुन्हा विचारलं. "सांगितलं. तपासतो म्हणलाय. तू त्येच्यापाशी इषय काढू नको, लाजतो त्यो." त्यावर मी विश्वास ठेवला. नवरा बायकोशी खोटं बोलतो हे जगाला ठाऊक आहे, पण भावाच्या जिवाबद्दलही बोलेल असं कुणाच्या मनात येतं का?

मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला जाणं म्हणजे एक बिस्किटचा पुडा द्यायचा आणि तास-दोन तास डोकं खायचं. एक म्हणतो पानफुटीची पानं चावा, दुसरा म्हणतो केळीच्या खुंटाचा रस प्या, तिसरा डोळा मारून म्हणतो बिअरसारखं औषध नाही. खडा काढलाय असं सांगितलं तरी पुन्हा होऊ नये म्हणून प्या म्हणे! आणि शेवटी प्रत्येकाचा एकच प्रश्न. "खडा कुठाय? दावा की." कारण आमच्याकडची रीतच आहे. खडा काढला की डॉक्टर तो बाटलीत घालून देतात आणि माणसं तो घरात मांडून ठेवतात, पोराच्या लग्नातल्या फोटोसारखा. चार-पाच घरांत तर मी स्वतः बघितलेत.

एके सकाळी हे पिशवी सांभाळत वावरात जाऊन आले. खिशातून काहीतरी काढलं, मोरीत धुतलं, माझ्या सांधेदुखीच्या गोळ्यांची बाटली रिकामी करून तिच्यात टाकलं आणि ढालीशेजारी ठेवलं. मी हसून हसून बेजार झाले. म्हणलं, "अहो, त्याला अजून माती आहे!" त्यांनी तो पुन्हा धुतला.

कुणाला म्हणजे कुणाला संशय आला नाही. हायस्कूलचे विज्ञानाचे सर आले होते, निवृत्त, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी बाटली खिडकीशी नेली, फिरवून फिरवून बघितली आणि निर्वाळा दिला, "कॅल्शियम आहे." काळ्या रानातला दगड! ह्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या पोरांना विज्ञान शिकवलं. मी चहात साखर घालायची विसरले, आणि त्याला तेही कळलं नाही.

हे मात्र सुधारत गेले. पिशवी निघाली, दिवाळीपर्यंत रक्ताचा आकडा खाली आला, डॉक्टर खूश झाले. पुण्याहून परत येताना ह्यांनी जाहीर केलं की सोनारीच्या भैरवनाथाला नवस बोलले होते, तर आता रविवारी जेवण घालायचं. मी म्हणलं, "देवाला तरी खरं सांगितलं होतं का, का त्यालाही खडाच सांगितलाय?" हे पत्रावळींचा हिशोब करायला लागले.

सोनारीला भाऊबंद, पाव्हणे, सगळे जमले. देवळाबाहेर झाडाखाली पंगत बसली. हे कपाळभर गुलाल लावून मधोमध बसलेले. धाकटा वाढायला होता. एक ओळ वाढून झाली की तो बादली ठेवायचा आणि भिंतीआड जायचा. यायचा, पुन्हा वाढायचा, पुन्हा जायचा. येताना एक हात कमरेवर. चेहरा उतरलेला, शर्ट खांद्यावरून लोंबतोय. मी त्याला बाजूला घेतलं.

"भावजी, तपासणी केली का?"

"कसली तपासणी, वहिनी?"

"रक्ताची. दादांनी सांगितली ती."

"दादानं कुठं तपासणी सांगितली? दादानं वैद्य सांगितला. मलाबी त्याच्यावानीच खडा झालाय न्हवं का. म्या त्येला इचारलं, तर म्हणला पुण्याला जायच्या आधी मला त्याच वैद्यानं उतार पडलाता. रोज कुळथाचं कढण घेतोय, पुड्या घेतोय. निघंल की." आणि हसला. "निघाला की त्योबी बाटलीत घालू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भावानं लघवीला त्रास होतो म्हणून दारात येऊन विचारलं. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं, डॉक्टरांचे शब्द त्यानं माझ्या शेजारी बसून ऐकले होते. आणि खोटं उघडं पडू नये म्हणून त्यानं वैद्याचा पत्ता दिला! त्या वैद्याचं तोंडही ह्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. एवढी हलकी, एवढी किडकी अब्रू मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही.

मी पंगतीसमोर जाऊन उभी राहिले. वर्गात उभी राहायचे तशी. "ऐका सगळे. यांना मूतखडा झाला नव्हता. यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. लघवीच्या जागेच्या आतली गाठ. ती पुण्याला गोठवून मारली म्हणून हे इथं बसून पोळी खाताहेत. शोकेसमधला खडा आमच्या वावरातला आहे. आणि भावजींना तोच रोग झालेला असू शकतो, आणि ते कुळथाचं पाणी पिताहेत."

कुणी घास गिळला नाही. धाकटा बादली घेऊन तसाच उभा. "दादा," तो म्हणाला, "खरं हाय का ह्ये?"

माझा नवरा पत्रावळीकडं बघत होता. त्यानं मान वर न करता हाक मारली, "वरण वाढा रं इकडं."

धाकट्याला कळलं. बाकीच्यांना काय कळलं? चुलत सासरे उठले, हात झटकला आणि म्हणाले, "बाईमाणसानं चार लोकांत असलं बोलावं का?" झालं. पंगतीला कंठ फुटला. कॅन्सर राहिला बाजूला, भाऊ राहिला बाजूला, बाई काय बोलली ह्यावर संध्याकाळपर्यंत चघळत बसले. आणि गावात परत येईस्तोवर ह्यांनी नवी गोष्ट तयार केली. पुण्याच्या दवाखान्यात कॅन्सरचा वॉर्ड शेजारीच होता, ही घाबरली, हिच्या डोक्यात तेच बसलं. गावानं लगेच मान डोलावली. का नाही डोलावणार? पुरावा शोकेसमध्ये होता. त्यांनी तो स्वतःच्या हातात घेऊन बघितला होता. विज्ञानाच्या सरांनी तपासला होता. दोन बायका तर मला भेटायला आल्या, बिस्किटचा पुडा घेऊन, माझ्या डोक्याचं कसं आहे ते बघायला. थू असल्या गावाच्या अकलेवर!

दुसऱ्याच दिवशी मी धाकट्याला घेऊन सोलापूर गाठलं. हे आले नाहीत. ह्यांना ऊस बघायला जायचं होतं.

रक्त झालं, सुई झाली, हाडांचा फोटो झाला. आठवड्यानं पुन्हा गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला आणि कमरेपाशी बोट ठेवलं. धाकट्यानं आधी मोठ्या उमेदीनं विचारलं, "साहेब, आमच्या दादाला गोठवलं तसं मलाबी गोठवा. त्यो आता चांगला उसात फिरतोय."

डॉक्टर म्हणाले, "गाठीच्या आत आहे तोवर गोठवता येतं. आता ते बाहेर पडून हाडांत गेलंय. इंजेक्शन देऊ, गोळ्या देऊ. त्यानं काही काळ आटोक्यात राहील." काही काळ, हे त्यांनी हळू म्हणलं. "सहा-आठ महिने आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती."

तो परत येताना एसटीत खिडकीबाहेर बघत बसला. मी मोठ्यानं रडले, कंडक्टर बघत होता तरी रडले. त्यानंच मला पाणी दिलं. घरी येऊन मी ह्यांच्यापुढं रिपोर्ट टाकला आणि म्हणलं, "तुमच्या मिशीपायी गेला तो." हे उठून ओसरीवर बसले, अंधार पडेस्तोवर तसेच. मला त्यांची कीव यायला हवी होती का? नाही आली. आजही येत नाही.

धाकट्यानं इंजेक्शन घ्यायला सुरुवात केली. चार दिवसांत बातमी फिरली की तो सोलापूरला जाऊन आला, आणि बिस्किटचे पुडे त्याच्या घराकडं निघाले. अशाच एका संध्याकाळी तो आमच्याकडं आला. पायऱ्या चढायला वेळ लागला. हे ओसरीवरच होते, भावाला बघून पाय आखडून बसले. सोनारीपासून दोघांचं बोलणं नव्हतं. तो सरळ बैठकीच्या खोलीत आला आणि शोकेससमोर उभा राहिला.

"वहिनी, ती बाटली द्या की तेवढी."

मला आधी समजलंच नाही. "कशाला?"

"लोकं यायलेत भेटाया. खडा कुठाय म्हणत्यात."

माझा तोल गेला. त्याला भावजी म्हणायचं भान राहिलं नाही. "अरे, तुला काय झालंय ते तुला कळतंय का? ह्याच खोट्यापायी तुझा जीव चाललाय, आणि तूही तेच सांगत फिरणार? लाज नाही वाटत तुला?"

तो लहानपणी कान पिळल्यावर बघायचा तसा माझ्याकडं बघत होता. चिडला नाही. "लाज वाटती म्हणूनच मागतोय, वहिनी," तो म्हणाला.

ओसरीवरून हे उठून आत आले. शोकेसची काच सरकवली, बाटली काढली, उपरण्यानं पुसली आणि भावाच्या हातात दिली. त्यानं ती दिव्याकडं धरून जरा हलवली.

"कुठल्या वावरातला ह्यो?"

"वढ्याकडच्या," हे म्हणाले.

"बरा घावला."

त्यानं बाटली खिशात घातली आणि कमरेवर हात ठेवून पायऱ्या उतरला. सोनारीनंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले ते एवढंच.